गरोदर बाईला सारखी थंडी वाजते, तेव्हा आधी रक्त तपासा

दिवाळी सरली की परभणी जिल्ह्यात गारठा वाढत जातो. डिसेंबर-जानेवारीत परभणीच्या कृषी विद्यापीठात नोंदलेला पारा पेपरात बातमी होऊन येतो. पालमच्या वस्तीत पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला तो बातमीआधीच कळलेला असतो. अशा दिवसांत घरात गरोदर लेक किंवा सून असली की मोठ्या बायका बजावतात : गार पाणी पिऊ नको, पेरूला हात लावू नको, कान बांधून बस. त्यामागे माया असते, काळजी असते. पण तिला थंडी का वाजते, हे कोणी पाहत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे.

गरोदरपणात अंग गरम की गार?

गरोदरपणात बाईच्या अंगातले रक्त हळूहळू वाढते. शेवटच्या महिन्यांत ते पूर्वीपेक्षा सुमारे ४० ते ५० टक्के जास्त असते. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात आणि पोटातल्या बाळाची ऊबही आईच्या रक्तात येते. त्यामुळे बहुतेक गरोदर बायकांना इतरांपेक्षा जास्त उकडते. घरातले सगळे गोधडी ओढून बसलेले असताना ती पांघरूण बाजूला सारत असेल, तर त्यात काही बिघडलेले नाही.

याच्या उलट घडत असेल तर लक्ष द्या. बाकीच्यांना काही वाटत नाही आणि तिलाच सारखी थंडी वाजते, हातपाय गार पडतात, अशा वेळी तीन गोष्टी तपासायला हव्यात.

पहिली गोष्ट रक्त. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि ७ च्या खाली असेल तर तो गंभीर रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर १०० गरोदर बायकांपैकी ५२ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे हे एखाद्या घराचे दुखणे नाही. थकवा, चढ चढताना धाप, डोळ्यांच्या आतली कडा आणि जीभ फिकट, माती किंवा खडू खावासा वाटणे, या त्याच्या खुणा आहेत.

दुसरी गोष्ट थायरॉईड. गळ्यातली ही ग्रंथी मंद चालली तर थंडी सोसत नाही, सुस्ती येते, शौचाला कडक होते, कातडी कोरडी पडते. पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीला या ग्रंथीचा रस लागतो. साध्या रक्ततपासणीत दोष कळतो आणि रोजच्या गोळीने तो आटोक्यात राहतो.

तिसरी गोष्ट ताप. हुडहुडी भरून ताप आला तर तो हिवताप असू शकतो, किंवा लघवीच्या मार्गातला संसर्ग. दोन्ही आजार गरोदरपणात आई आणि बाळाला धोक्याचे आहेत. काढा देऊन वाट पाहू नये.

उष्ण-थंडीच्या नावाखाली ताटातून काय जाते?

आपल्याकडे अंडी, मटण, मेथी, तीळ, गूळ हे 'उष्ण' म्हणून गरोदर बाईला देत नाहीत. गर्भ पडेल अशी भीती असते. आणि हिवाळ्यात पेरू, संत्री, आवळा, लिंबू हे 'गार' म्हणून बंद होतात. आता हे दोन्ही गट शेजारी ठेवून पाहा. अंडी, मटण, पालेभाज्या, तीळ हे रक्त वाढवणारे अन्न. पेरू, आवळा, लिंबू यांतल्या क जीवनसत्त्वामुळे भाजी-भाकरीतले लोह अंगी लागते. एक गट उष्ण म्हणून गेला, दुसरा गार म्हणून गेला, मग उरले काय? चहा आणि चटणी-भाकरी. रक्त आणखी उतरते, तिला आणखी थंडी वाजते, आणि घरचे म्हणतात, गार खाल्ले असेल.

कच्ची पपई मात्र गरोदरपणात टाळावी. तिच्या चिकाबद्दलची सावधगिरी योग्य आहे. बाकी नीट शिजवलेली अंडी, मटण, मासे, हरभऱ्याची भाजी, मेथी, शेंगदाणे, सोबत लिंबाची फोड आणि नंतर एखादा पेरू हे ताट हिवाळ्यातही चालते.

दुसरीकडे काय करतात?

थंडीची भीती फक्त आपल्यात नाही. चीनमध्ये बाळंतीण महिनाभर घरात राहते आणि गार पाणी व वारा टाळते; त्या प्रथेच्या नावाचा अर्थच 'महिनाभर बसणे' असा आहे. कंबोडिया आणि थायलंडच्या खेड्यांत बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवण्याची रीत होती, थेट आपल्या शेक-शेगडीसारखी. जपानमध्ये गरोदर बाई पाचव्या महिन्यात पोटाला पट्टा बांधते. पोट उबदार राहावे हा त्यामागचा एक हेतू. उलट अमेरिकेच्या दवाखान्यांत कळा देणाऱ्या बाईला चघळायला बर्फाचे तुकडे देतात, आणि बाळंतपणानंतर बर्फ घातलेले पाणीही. तिथल्या बायकांना त्याने 'बाधत' नाही.

यावरून आम्हाला एवढेच दिसते, की गार पाणी किंवा गार फळ हे आजाराचे मूळ नाही. उबदार कपडे, विश्रांती आणि जवळ कोणीतरी माणूस, एवढे मात्र या प्रथांमधले घेण्यासारखे आहे.

फडावर जाणाऱ्या बहिणींसाठी

पालम, गंगाखेड, सोनपेठ भागातून अनेक जोडपी ऊसतोडीला जातात. तिथे पहाटेच्या दवात मोळ्या बांधायच्या आणि रात्री पाचटाच्या कोपीत झोपायचे. गरोदर बाईला ही थंडी खरोखर लागते, कारण ती उपाशीपोटी आणि थकलेल्या अंगावर येते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी गिरणीतल्या बाळंतिणींच्या रजेची आणि भत्त्याची बाजू मांडली. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. फडावरच्या बहुतेक बायकांपर्यंत तसा आधार अजून पोहोचलेला नाही.

तोवर एवढे करा. निघण्यापूर्वी आशाताईंकडून नोंदणी करून घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड आणि लोहाच्या गोळ्या सोबत न्या. जिथे टोळी उतरेल तिथल्या आरोग्य केंद्रात ते कार्ड दाखवा. तपासणी तिथेही फुकट होते. दिवस भरत आलेल्या बाईला फडावर नेऊच नका.

बाळंतिणीची खोली

बाळंतपणानंतर तास-अर्धा तास अंग थरथरणे नेहमीचे आहे. पण पुढच्या दिवसांत थंडी वाजून १००.४ च्या वर ताप आला, अंगावरून घाण वास येऊ लागला, ओटीपोट दुखू लागले, तर ते 'वारं शिरलं' नव्हे. तो गर्भाशयातला संसर्ग असू शकतो, आणि त्यात उशीर झाला तर जीव जातो.

दार-खिडकी बंद करून कोळशाची शेगडी पेटवू नका. तिच्या वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस दगावतो. गर्भाला आणि तान्ह्या बाळाला तो आणखी घातक. शेक घ्यायचा तर दार उघडे ठेवून घ्या आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर काढा.

थंडी खरी बाधते ती बाळाला. जन्मल्यावर त्याला लगेच कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून पांघरूण घाला, डोक्याला टोपरे घाला. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नका. आईच्या अंगाची ऊब शेगडीपेक्षा चांगली.

लक्षात ठेवा

• चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस; बाळंतपणानंतरही १८० दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात. शौच काळी होते, घाबरू नका.

• गोळी आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या.

• दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी हिमोग्लोबिन किती आले ते विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. सारखी थंडी वाजत असेल तर थायरॉईडबद्दलही विचारा.

• थंडी-ताप, बसल्या जागी धाप, अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करा. गाडीला पैसे पडत नाहीत.

घरातल्या सासूबाईंना आणि मुलग्यांना आमची विनंती आहे : हे पान तिच्या एकटीच्या हाती देऊ नका, घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. ताट वाढणारे आणि दवाखान्यात नेणारे हात तुमचेच आहेत.