तक्त्यातली बिननावाची ओळ

तंजावूरच्या राजवाड्यातून बृहदीश्वराच्या देवळापर्यंत रमतगमत गेले तरी पंधरा-वीस मिनिटे पुरतात. मराठी माणूस तिथे जातो तो बहुधा भोसल्यांचा शिलालेख बघायला. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला हा लेख भोसले कुळाचा साद्यंत वृत्तांत सांगतो आणि मराठीतला सर्वांत लांब शिलालेख म्हणून मिरवतो. तो वाचावाच. पण खेळांच्या आकडेवारीत ज्याला रस आहे, त्याने त्याच आवारातला दुसरा एक लेख आधी गाठावा. तो आठशे वर्षांनी जुना आहे, तमिळ आहे आणि त्यात एका संघाची संपूर्ण नोंद आहे.

देऊळ बांधणाऱ्या राजराज चोळाने इ.स. १०१४च्या सुमारास चोळमंडळातल्या ठिकठिकाणच्या देवळांतून चारशे नर्तकी तंजावूरला आणून वसवल्या. लेखात त्यांची नुसती संख्या देऊन भागवलेले नाही. प्रत्येकीचे नाव आहे. ती कुठल्या गावाच्या कुठल्या देवळातून आली ते आहे. तिला कुठल्या गल्लीत, कुठल्या ओळीत, कितवे घर दिले ते आहे. आणि शेवटी तिचा वाटा: एक. एक वाटा म्हणजे वर्षाला शंभर कलम (धान्याचे एक माप) भात. पुढे नटुवनार म्हणजे नृत्यगुरू, वादक आणि इतर सेवेकऱ्यांचे वाटे येतात. एखादी मरण पावली किंवा गाव सोडून गेली, तर तिच्या जवळच्या नातलगाने तो वाटा घेऊन काम चालवावे. तो लायक नसेल तर त्याने लायक माणूस निवडून द्यावा, असा नियमही दगडातच आहे. बदली खेळाडूचा नियम म्हणतात तो हाच.

मी बरीच वर्षे बास्केटबॉलच्या सामन्यांत टेबलावर बसून स्कोअरशीट भरली आहे. त्यामुळे शिलालेखांचे अभ्यासक हुल्ट्श यांच्या इंग्रजी भाषांतरात ही यादी वाचताना मला इतिहास सुचायच्या आधी कागदावरचे रकाने दिसले: नाव, क्लब, नंबर, वाटा.

ज्यांनी ही शीट कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आंतरराष्ट्रीय सामन्यात दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात. शीटवर एकापासून चढत जाणारे आकडे आधीच छापलेले असतात. मैदानातून बास्केट झाले की संघाच्या नव्या बेरजेच्या आकड्यावर तिरकी रेघ मारायची आणि शेजारी खेळाडूचा नंबर लिहायचा. ते तीन गुणांचे असेल तर त्या नंबराभोवती गोल काढायचा. फ्री थ्रो असेल तर रेघेऐवजी भरीव ठिपका. फाउल दोन ठिकाणी लिहावा लागतो: एकदा खेळाडूच्या नावापुढे ‘पी’ अशी खूण आणि एकदा संघाच्या त्या क्वार्टरच्या चार चौकटींपैकी एकीवर फुली. खेळाडूचा पाचवा फाउल झाला की तो बाहेर. संघाच्या चार चौकटी भरल्या की त्यापुढच्या बचावातल्या फाउलला समोरच्यांना फ्री थ्रो, मग फाउल कुणी का केलेला असेना. एकाची चूक आणि सगळ्यांचे कर्ज, असा हा हिशेब.

सामन्याचा निकाल ही शीट सांगते. तो निकाल कसा लागला ते सांगणारा तक्ता वेगळा असतो आणि तो आकडेवारीवाले भरतात: रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, टर्नओव्हर. त्या तक्त्याच्या तळाशी, खेळाडूंची नावे संपली की, ‘टीम’ अशी एक ओळ असते. प्रेक्षक तिच्याकडे बघत नाहीत आणि बातमीदार तर नाहीच नाही. फेकलेला चेंडू रिंगला लागून कुणाच्याही ताब्यात न जाता मैदानाबाहेर गेला, तर ज्यांना तो मिळतो त्या संघाच्या नावावर रिबाउंड लागतो, कुठल्याच खेळाडूच्या नाही. चोवीस सेकंदांत बास्केटकडे चेंडू फेकता आला नाही, तर तो टर्नओव्हरही संघाचा. म्हणून खेळाडूंच्या रिबाउंडची बेरीज आणि संघाची बेरीज बहुतेकदा जुळत नाही. नवशिक्याला वाटते कुणीतरी मोजण्यात चुकले.

बेंगळुरूमध्ये २९ जुलै २०१७ रोजी महिलांच्या आशिया चषकाच्या ‘ब’ गटाची अंतिम लढत झाली. भारताने कझाकस्तानला ७५–७३ असे हरवले आणि ‘अ’ गटात जागा मिळवली. त्या संघात चेन्नईची अनिता पॉलदुराई होती. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेची तिची ती नववी खेप. पुढे २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. पुण्याची शिरीन लिमयेही होती, जी नंतर भारताची कर्णधार झाली. आता हा दोन गुणांचा फरक बघा. दोन गुण म्हणजे एक बास्केट, आणि एक बास्केट म्हणजे चेंडूचा एक जादा ताबा. तो ताबा त्या बिननावाच्या ओळीतूनही येऊ शकतो. अशा लढतीनंतर कुणी किती गुण केले एवढेच छापणे म्हणजे चारशे नर्तकींपैकी पाचजणींचे वाटे वाचून देवळाचा खर्च सांगण्यासारखे आहे.

हल्ली प्लस-मायनस नावाचा रकाना लोकप्रिय आहे: खेळाडू मैदानावर असताना संघाने किती गुण जास्त किंवा कमी केले. एका वेळी पाचजणी खेळतात, म्हणून दोन गुणांनी जिंकलेल्या संघात सगळ्यांचे प्लस-मायनस मिळवले की उत्तर नेमके दहा येते. गणित चोख आहे. पण याने एकीचे श्रेय तिच्याबरोबरच्या चौघींत मिसळते आणि मग ते वेगळे काढता येत नाही.

दुसरा मार्ग ‘एफिशियन्सी’चा. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक मिळवायचे. हुकलेल्या फेकी, हुकलेले फ्री थ्रो आणि टर्नओव्हर वजा करायचे. समजा, एकीने १८ गुण केले, पण वीसपैकी तेरा फेकी आणि दोन फ्री थ्रो हुकवले, पाचदा चेंडू घालवला, तीन रिबाउंड आणि एक असिस्ट घेतला. तिची एफिशियन्सी २. दुसरीचे गुण ६, रिबाउंड ९, असिस्ट ४, स्टील २. हुकलेली फेक एक, टर्नओव्हर एक. तिची १९. मथळ्यात मात्र पहिलीच येणार. एफिशियन्सीही धुतल्या तांदळासारखी नाही. समोरच्या खेळाडूला चाळीस मिनिटे अडवून धरणारीला तिथे रकानाच नाही.

इथे मला सरफोजीराजे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) आठवतात, पण शिलालेखातले नव्हेत. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीत शिकलेल्या या राजाने धन्वंतरी महाल हा दवाखाना चालवला. डोळ्यांवर तिथे झालेल्या उपचारांचे कागद सरस्वती महाल ग्रंथालयाने जपले आहेत. चाळीसेक रोग्यांची वेगवेगळी टिपणे, त्यांत डोळ्यांची रंगीत चित्रे. दर रोग्याला त्याचा स्वतंत्र कागद. भोसल्यांचा शिलालेख राजांचा तक्ता आहे. त्यात लढाया, वारसा आणि पराक्रम आहेत, म्हणजे निव्वळ गुणांचा रकाना. त्याच राजाच्या दवाखान्याच्या कागदांत मात्र एका साध्या माणसाचा एक डोळा आहे. राजवाड्याच्या मोडी रुमालांतही, म्हणजे कागदांच्या गठ्ठ्यांतही, हेच: कुणाला काय दिले, कशापोटी दिले, कुठल्या तारखेला. मोडीचा जाणता तिथे बसला की दरबारातल्या गायकापासून हुजऱ्यापर्यंत माणसे हाती लागतात.

बास्केटबॉलचा पहिला सामना २१ डिसेंबर १८९१ रोजी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला झाला आणि १–० असा संपला. बास्केट करणाऱ्याचे नाव, विल्यम चेस, आजही सांगितले जाते. त्याच्याकडे चेंडू कुणी दिला ते सांगितले जात नाही. असिस्टचा रकाना तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. आज आंतरराष्ट्रीय सामन्याचा तो रकाना शेवटची शिट्टी वाजण्याआधीच तयार असतो. आपल्या वर्तमानपत्रांना गुणांच्या शेजारी रिबाउंड आणि असिस्ट असे आणखी दोन आकडे छापायला जागा काही लागत नाही. आणि ज्या दिवशी निकाल दोन गुणांनी लागेल, त्या दिवशी ‘टीम’ची ओळही छापावी.