पाण्याखालील मंत्रिमंडळ बैठक : मालदीव, दृश्यमाध्यमे आणि हवामानाचा प्रश्न

हवामानबदल डोळ्यांना दिसत नाही, ही त्याच्या प्रचारातील मूळ अडचण होय. कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत मोजला जातो, समुद्र वर्षाला काही मिलिमीटर चढतो. अशा आकड्यांची बातमी होत नाही.

मालदीवने यावर वेगळा उपाय योजला. इब्न बतूता चौदाव्या शतकात जेथे काझी होता, त्या या मुस्लिम द्वीपराष्ट्राची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून दीड मीटरच्या आसपास आहे. १७ ऑक्टोबर २००९ रोजी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी गिरिफुशी बेटाजवळ चक्क पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली. मंत्री पाणबुड्यांच्या पोशाखात समुद्रतळाशी मांडलेल्या टेबलांमागे बसले, हातांच्या खुणांनी बोलले आणि जगाने कार्बन उत्सर्जन कमी करावे, अशा निवेदनावर त्यांनी सह्या केल्या. निवेदनात नवे काही नव्हते. छायाचित्र मात्र नवे होते, आणि वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी व इंटरनेट यांवरून ते जगभर गेले. आठवड्याने, २४ ऑक्टोबरला, '३५०' या मोहिमेने १८० हून अधिक देशांत कार्यक्रम घडवले. कार्बन डायऑक्साइडची सुरक्षित मर्यादा दशलक्षांत ३५० भाग, म्हणून हे नाव.

पुढे काय झाले? डिसेंबर २००९ च्या कोपनहेगन परिषदेत बंधनकारक करार झाला नाही. २०१५ च्या पॅरिस करारात १.५ अंशांचे उद्दिष्ट आले. पण त्याचे श्रेय एका छायाचित्राला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्यामागे लहान द्वीपराष्ट्रांच्या संघटनेच्या दीर्घ वाटाघाटी होत्या. छायाचित्राने एवढेच केले की, या राष्ट्रांचे म्हणणे वाटाघाटींच्या दालनाबाहेरील लोकांनाही कळू लागले. हेही थोडे नव्हे. दुसरीकडे, दहा वर्षांत कार्बन-तटस्थ होण्याचा नशीद यांचा २००९ मधील संकल्प पुरा झाला नाही. मालदीवची अर्थव्यवस्था विमानाने येणाऱ्या पर्यटकांवर उभी आहे, ही विसंगती कोणत्याही चित्रफितीत मावत नाही. २००९ मध्ये ३८७ च्या आसपास असलेले कार्बनचे प्रमाण २०२४ मध्ये ४२० च्या पुढे गेले.

तरीही हा मार्ग इतरांनी उचलला. २०२१ च्या ग्लासगो परिषदेसाठी तुवालूचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर समुद्रात उभे राहून भाषण चित्रित केले. पुढल्याच वर्षी त्यांनी आपल्या देशाची संगणकीय प्रतिकृती करण्याची घोषणा केली. देश बुडाला तरी त्याची भूमी व संस्कृती जतन व्हावी, हा हेतू. पहिली प्रतिकृती तेआफुआलिकू या चिमुकल्या बेटाची झाली.