जळलेला डोंगर आणि पहिला पाऊस



मोहाची फुलं वेचून झाली, राब भाजून झाले. आता रानशेतपासून तलासरीपर्यंत सगळ्यांचे डोळे पावसाकडे लागलेत. आभाळाकडे बघताना एकदा डोंगराकडेही बघा. यंदा वणव्याने कुठला उतार काळा पडलाय? त्याच्या खाली असलेल्या घरांची तयारी आधी करायची आहे.

वणव्याचा आणि पुराचा काय संबंध, असं वाटेल. रानात पालापाचोळा गोधडीसारखा पसरलेला असतो. पावसाचा थेंब त्यावर पडतो आणि पाणी सावकाश जमिनीत मुरतं. ही गोधडी जळली की थेंब थेट उघड्या मातीवर आपटतो. राख आणि बारीक माती जमिनीची छिद्रं बुजवतात. मग पाणी मुरत नाही, धावतं. धावताना माती, दगड, जळके ओंडके ओढत ओहोळात आणतं. झाडं मेली असतील तर त्यांची मुळं पुढच्या काही वर्षांत कुजतात आणि मातीची पकड सुटते. म्हणून धोका एका पावसाळ्यात संपत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये डिसेंबर २०१७ मध्ये मोठा वणवा पेटला. पुढच्याच महिन्यात, ९ जानेवारी २०१८ला पहाटे जोराचा पाऊस झाला. जळलेल्या डोंगरावरून चिखल-दगडांचा लोंढा मोंटेसिटो गावात घुसला. वीसहून जास्त माणसं गेली.

आपल्याकडचा वणवा बहुतेक पाचोळ्याचा आणि गवताचा, तेवढा भडकत नाही. पण आपला पाऊस मोठा. माळीण आठवतं ना? ३० जुलै २०१४ला सकाळी डोंगर खाली आला, १५१ माणसं गेली. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथलं कारण वणवा नव्हता, मुसळधार पाऊस होता. पण दोन्हीकडे माणसं घरात होती आणि विचार करायला वेळच मिळाला नाही. म्हणून विचार आजच करायचा.

पावसाआधी चार-पाच जणी मिळून ओहोळाच्या कडेने वर चालत जा. अडकलेले ओंडके, कचरा काढा. मोरीचं तोंड मोकळं करा. ओहोळाच्या तोंडाशी कोणाची घरं आहेत, ती मोजा. मुसळधार पावसाच्या रात्री त्यांनी कुठे झोपायचं, म्हाताऱ्या माणसांना आणि बाळंतिणीला कोणी न्यायचं, हे नावानिशी ठरवा. जागा उंचावरची, पण डोंगराच्या पायथ्यापासून आणि ओहोळापासून लांबची हवी. रेशनकार्ड, आधारकार्ड, औषधं, बॅटरी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ठेवा.

ग्रामसभेत रोजगार हमीतून ओहोळावर दगडी बांधांची मागणी करा. मात्र घरांच्या डोक्यावरच्या तीव्र उतारावर, जाणकाराने पाहिल्याशिवाय चर खणू नका. मुरलेल्या पाण्याने माती जड होऊन सुटू शकते.

खुणा ओळखा. जमिनीला नवी भेग पडली, झाड किंवा खांब कलला, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर सावध व्हा. भर पावसात ओहोळाचं पाणी एकदम कमी झालं, तर वर कुठेतरी ते अडलंय. दगडावर दगड आपटल्याचा घुमणारा आवाज आला, तर सामान आवरू नका. ओहोळाची वाट सोडून बाजूला, उंचावर निघा. वाहता ओहोळ ओलांडू नका. सुरक्षित जागी पोचल्यावर ११२ किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा.

आणि पुढच्या वर्षी मोहाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करा. राब वारा पडलेला असताना, भोवतीची पट्टी साफ करून, पाणी जवळ ठेवून भाजा. डोंगराची गोधडी राहिली, तर खाली पाड्यातली झोपही शांत राहील.