वाहनातील वीज आणि सौरऊर्जा : इंधन बचतीचे अर्थशास्त्र

भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते. या तेलाचा मोठा हिस्सा वाहतुकीसाठी खर्च होतो. वाहनाला गती देण्यासाठी किती इंधन लागते, याची चर्चा नेहमी होते. परंतु वाहनातील दिवे, पंखे, इंधन पंप व नियंत्रण यंत्रणा यांना लागणारी वीजही त्याच इंधनातून निर्माण होते, याकडे सहसा लक्ष जात नाही. ही वीज सौरऊर्जेपासून मिळवल्यास किती इंधन वाचेल आणि त्यासाठी करावा लागणारा खर्च योग्य ठरेल काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाहनातील वीज फुकट नसते

पेट्रोल वा डिझेलवर चालणाऱ्या वाहनात इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे एक लहान जनित्र असते. त्यास अल्टरनेटर म्हणतात. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर ते चालते. इंजिन फिरतच असल्यामुळे ही वीज विनाखर्च मिळते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. सायकलचा डायनामो चाकाला टेकवला की पायडल जड होते, हा अनुभव अनेकांना असेल. विजेची मागणी जितकी अधिक तितका जनित्राचा विरोध अधिक आणि तितकेच इंधनही अधिक जळते.

या विजेचा खर्च ढोबळमानाने काढता येतो. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते. इंजिन तिच्यापैकी साधारण एक तृतीयांश ऊर्जेचे यांत्रिक कार्यात रूपांतर करते. उरलेली उष्णतेच्या रूपाने वाया जाते. अल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास हाती सुमारे २ युनिट वीज येते. डिझेलचा दर लिटरला ९० रुपये मानला तर वाहनातील एक युनिट वीज ४५ रुपयांना पडते. घरगुती विजेच्या दराच्या ती कित्येक पट महाग आहे. सौरऊर्जेचा विचार करण्याचे मूळ कारण हेच होय.

मोटारगाडीच्या छताच्या मर्यादा

मोटारगाडीच्या छतावर दीड ते दोन चौरस मीटर जागा मिळते. तिच्यावर २५० ते ३०० वॅट क्षमतेचे सौर पॅनेल बसू शकते. इंजिनाची क्षमता मात्र ५० किलोवॅट वा त्याहून अधिक असते. यास्तव छतावरील पॅनेलच्या बळावर गाडी धावणे शक्य नाही. अल्टरनेटरचा भार हलका करणे मात्र शक्य आहे.

गाडी चालू असताना साधारण ३५० वॅट वीज लागते असे धरू. रोज एक तास आणि वर्षातून ३०० दिवस गाडी चालल्यास सुमारे १०५ युनिट वीज लागेल. ही सर्व वीज सूर्यापासून मिळाली तरी वर्षाला ५० लिटरच्या आसपास इंधन वाचेल. ही बचतीची कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात गाडी सावलीत उभी असते, रात्री चालते, पावसाळ्यात ऊन मिळत नाही. शिवाय ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम अर्धा युनिट वीज मावते आणि तिच्यापैकी निम्मीच सुरक्षितपणे वापरता येते. बॅटरी पूर्ण भरली की पॅनेलची पुढील वीज वाया जाते.

याच आकड्यावरून अल्टरनेटर काढून टाकणे का हितावह नाही, हेही कळते. रात्री दिवे लावून गाडी चालवल्यास बॅटरीतील वापरण्याजोगी वीज तासाभरात संपेल आणि गाडी रस्त्यात बंद पडेल. अल्टरनेटर जागेवर ठेवून सौर पॅनेलची जोड दिली, तर बॅटरी जितकी भरलेली तितका अल्टरनेटरवरील भार आपोआप कमी होतो. तसेच मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

रेल्वेचा प्रयोग

ज्या वाहनाचे छत मोठे, जे दिवसभर उन्हात असते आणि ज्यातील विजेची मागणी सातत्याची असते, तेथे सौर पॅनेल अधिक उपयुक्त ठरते. रेल्वेचा डबा या तिन्ही कसोट्यांना उतरतो. जुन्या पद्धतीच्या वातानुकूलन नसलेल्या डब्याखाली ४.५ किलोवॅटचा अल्टरनेटर असतो. चाकाच्या आसावरून पट्ट्याने तो फिरतो व ११० व्होल्टची वीज देतो. डबा ओढणाऱ्या इंजिनावरच त्याचा भार पडतो. डेमू गाडीत ही वीज डिझेल इंजिनावर चालणाऱ्या जनित्रातून मिळते.

१४ जुलै २०१७ रोजी दिल्लीतील सफदरजंग स्थानकावर तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या हस्ते देशातील पहिल्या सौर डेमू गाडीचे उद्घाटन झाले. दिल्ली सराय रोहिल्ला ते हरियाणातील फरुखनगर या मार्गासाठी तयार केलेल्या या गाडीच्या सहा डब्यांवर प्रत्येकी १६ पॅनेल बसवले होते. प्रत्येक पॅनेलची क्षमता ३०० वॅट होती. दिवे, पंखे व माहितीफलक यांच्यासाठी ही वीज होती. गाडी ओढण्याचे काम डिझेल इंजिनाकडेच राहिले. सौर यंत्रणेचा खर्च सुमारे ५४ लाख रुपये, वार्षिक डिझेल बचत २१,००० लिटर आणि प्रत्येक डब्यामागे कर्बवायू उत्सर्जनातील घट वर्षाला ९ टन, असे अंदाज त्या वेळी जाहीर झाले.

हे आकडे पडताळून पाहण्याजोगे आहेत. सहा डब्यांवरील एकूण क्षमता २८.८ किलोवॅट होते. आपल्याकडे एक किलोवॅट क्षमतेपासून वर्षाला सुमारे १,४०० युनिट वीज मिळते. म्हणजे एकूण ४०,००० युनिट. तिला २१,००० लिटरने भागल्यास लिटरमागे १.९ युनिट येतात. वर काढलेल्या २ युनिटांच्या अंदाजाशी हे जुळते. एक लिटर डिझेल जळाल्यास सुमारे २.७ किलोग्रॅम कर्बवायू निघतो. त्यानुसार एकूण घट ५६ टनांची, म्हणजे डब्यामागे ९ टनांहून थोडी अधिक येते. अर्थात, निर्माण झालेले प्रत्येक युनिट वापरात आले असे यात गृहीत आहे. धूळ, सावली, उष्णता आणि आडवे बसवलेले पॅनेल यांमुळे प्रत्यक्ष उत्पादन कमी राहू शकते.

परतफेडीचा कालावधी का बदलतो?

त्या वेळचा डिझेलचा दर ढोबळमानाने ५५ रुपये धरल्यास वार्षिक बचत साडेअकरा लाख रुपये होते आणि ५४ लाखांची गुंतवणूक पाच वर्षांच्या आत वसूल होते. पॅनेलचे आयुष्य २५ वर्षांच्या आसपास असल्याने हा प्रकल्प फायदेशीर दिसतो.

तथापि, त्यानंतर परिस्थिती पालटली. २०२५ पर्यंत ब्रॉडगेज मार्गांचे ९८ टक्क्यांहून अधिक विद्युतीकरण झाले. अनेक गाड्यांत इंजिनामार्फत तारेतील वीज थेट डब्यांना पुरवली जाऊ लागली. आता हेच पॅनेल अशा गाडीवर बसवले तर ते डिझेलऐवजी तारेतील विजेची बचत करील. तिचा दर युनिटला ७ रुपये मानल्यास ४०,००० युनिटांची किंमत २ लाख ८० हजार रुपये होते. त्याच खर्चाच्या परतफेडीला सुमारे १९ वर्षे लागतील. ऊन तेच, पॅनेल तेच आणि वीजही तितकीच. परंतु ती कोणत्या ऊर्जेची जागा घेते यावर तिचे मूल्य ठरते. अर्थशास्त्रात यालाच टाळलेला सीमांत खर्च म्हणतात.

दुसरा विचार संधी खर्चाचा. एखादे साधन एका ठिकाणी वापरल्यामुळे दुसऱ्या ठिकाणचा जो लाभ सोडावा लागतो, तो संधी खर्च होय. डेमूवरील यंत्रणेचा खर्च बॅटरीसह किलोवॅटमागे जवळपास १ लाख ९० हजार रुपये होता. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत घराच्या छतावरील पहिल्या दोन किलोवॅटसाठी किलोवॅटमागे ५०,००० रुपये हा आधारभूत खर्च मानला आहे. स्थिर छतावर पॅनेल योग्य कोनात बसते, धक्के सोसत नाही आणि बॅटरीविना थेट वीजजाळ्याला जोडता येते. मध्य प्रदेशातील बीना येथे रेल्वेने १.७ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०२० मध्ये उभारला. त्याची वीज गाड्या चालवणाऱ्या २५ हजार व्होल्टच्या तारेला थेट दिली जाते. अशा व्यवस्थेत सूर्यप्रकाश गाडीपर्यंत पोहोचतो, मात्र त्यासाठी पॅनेल गाडीच्या छतावर असावे लागत नाही.

निष्कर्ष

याचा अर्थ वाहनावरील सौर पॅनेल निरुपयोगी आहे, असा नव्हे. केरळमध्ये वैक्कम ते थवनक्कडवू या जलमार्गावर जानेवारी २०१७ पासून ७५ प्रवाशांची ‘आदित्य’ ही सौर बोट चालते. मोठे छत, कमी वेग आणि ठरावीक फेऱ्या यांमुळे तेथे सौरऊर्जेचा उपयोग प्रत्यक्ष गतीसाठीही होतो. केवळ वीज हवी म्हणून ज्या वाहनांचे इंजिन थांब्यावरही चालू ठेवावे लागते, तेथेही पॅनेल व बॅटरीची जोड उपयुक्त ठरेल. विद्युत वाहनांत अल्टरनेटर नसतोच. त्यामुळे ही वाहने वाढतील तसा हा प्रश्न जुन्या वाहनांपुरता मर्यादित होत जाईल.

सार्वजनिक निधीतून अशी योजना हाती घेताना दरवर्षी किती युनिट वीज प्रत्यक्ष वापरात येईल, ती कोणत्या इंधनाची जागा घेईल आणि तेवढाच पैसा अन्यत्र गुंतवल्यास किती इंधन वाचेल, हे आधी तपासले पाहिजे. तेलाची आयात कमी करण्यासाठी उपलब्ध असलेला निधी मर्यादित आहे. तो अधिकाधिक लिटर वाचतील अशा ठिकाणी वापरला जाणे, यातच सौरऊर्जेचे आणि देशाचेही हित आहे.