ओट-बेदाण्याची बिस्किटे आणि लांबचा डबा

रजा संपवून पलटणीत परत निघालेल्या मुलाची ट्रंक भरायला घेतली म्हणजे आईपुढे पहिला प्रश्न येतो तो डब्याचा. आपल्या सातारा-सांगली भागाला हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा गावांतून आजवर किती डबे निघाले असतील, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

आता डब्यात घालायचे काय? चकलीचा दोन दिवसांच्या प्रवासात चुरा होतो. करंजीतले खोबरे उन्हाळ्यात खवट होते. लाडू पोचतात खरे, पण तळाचे दबून एकमेकांना चिकटतात. शिवाय हा डबा एकट्याचा नसतो. बराकीत झाकण उघडले की दहा हात पुढे येतात, आणि त्यांत अंडे न खाणारेही असतात. म्हणजे पदार्थ टिकला पाहिजे, मोडता कामा नये आणि सर्वांना चालला पाहिजे.

हाच पेच दूरच्या देशांतील बायकांनाही पडला होता. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे ‘अँझॅक’ नावाची बिस्किटे करतात. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धातील तिकडच्या सैन्याचे हे नाव. या बिस्किटांत ओट असतात, अंडे मात्र नसते. पीठ बांधून येण्यासाठी त्यात उसाच्या साखरेचा दाट, सोनेरी पाक घालतात. हे वाचले तेव्हा मला हसूच आले. अहो, तो पाक म्हणजे आपल्या गुऱ्हाळातल्या काकवीचा सख्खा भाऊ! कराड-वाळव्याकडच्या घरात काकवीची बाटली काही दुर्मिळ नाही. आपल्याकडे जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांना अंडे चालत नाही आणि मधही चालत नाही. काकवीला मात्र कोणाची हरकत नसते.

ओट हे नाव आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे ते गोठ्यातले. दुभत्या जनावरांसाठी रब्बीत हिरवा चारा म्हणून ते पेरतात. दुकानात मिळतात ते याच धान्याचे दाणे, वाफवून रुळाखाली चपटे केलेले. आपले पोहेच म्हणा ना. मसाला घातलेले पाकीट मात्र चुकूनही आणू नका. ओटात गव्हाचा चिकटपणा नाही, म्हणून नुसत्या ओटाची बिस्किटे हातात भुगा होतात. त्यांना कणकेची जोड लागतेच.

फळ म्हणून बेदाणे घ्यावेत. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी कितीही मोह घालो, तिच्यात दहा भागांत नऊ भाग पाणी. ताजे फळ घातलेले बिस्कीट दुसऱ्या दिवशी मऊ पडते आणि चारपाच दिवसांत बुरसते. बेदाण्याचे पाणी आधीच गेलेले असते. ते कसे जाते, ते तासगाव, कवठेमहांकाळकडे फाल्गुन-चैत्रात गेलात तर दिसेल. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि खास तेलाच्या द्रावणात घड बुडवले की तो थर सैल होतो. मग शेडमध्ये जाळीवर पसरून पंधरावीस दिवस वाळवतात. चार किलो द्राक्षांमागे साधारण एक किलो बेदाणा. त्या दिवसांत अवकाळी पाऊस आला, तर वर्षाच्या कष्टावर पाणी पडते. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अशा वेळी परगावच्या चकचकीत डब्यातली सुकी फळे आणायची ती कशाला?

तर आता कृती. एकच वाटी मापाला ठेवा. दीड वाटी ओट कढईत मंद आचेवर कोरडेच परता. खमंग वास आला की उतरवा. त्यात वाटीभर कणीक, पाऊण वाटी साखर, चिमूटभर मीठ आणि अर्धी वाटी बेदाणे घाला. बेदाणे आदल्या दिवशी कोमट पाण्यात धुऊन, फडक्यावर पसरून अगदी कोरडे केलेले हवेत. भिजवून घालू नका. ते त्याच दिवशी संपणाऱ्या बिस्किटांना ठीक. मोठे असतील तर दोन तुकडे करा.

अर्धी वाटी पातळ केलेले साजूक तूप आणि दोन मोठे चमचे काकवी एकत्र गरम करा. अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा तीन मोठे चमचे उकळत्या पाण्यात विरघळवून त्यात ओता. पातेले मोठे घ्या बरे का, कारण ते एकदम फसफसते! काकवी किंचित आंबट गुणाची, सोडा तिच्या उलट. दोघांच्या भेटीतून वायू निघतो आणि अंड्यावाचून बिस्कीट हलके होते. हे मिश्रण कोरड्या जिनसांत घालून कालवा. गोळा वळत नसेल तर चमचाभर दूध. तुपात लोण्यासारखे पाणी नसते, म्हणून हे लागते. लहान लिंबाएवढे गोळे दाबून, दोन बोटे अंतर ठेवून ताटलीत मांडा. वर आलेला बेदाणा आत ढकला, नाहीतर तो जळून कडू होतो.

ओव्हन असेल तर १६० अंशांवर पंधरा मिनिटे. नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर कडे ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवा आणि ताटली आत ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजा. पूर्वी दिवाळीच्या आधी आपण रवा, मैदा, तूप घेऊन बेकरीत नानकटाई करून आणत असू. अजून तुमच्या गावात लाकडाची भट्टी असेल, तर पाव निघाल्यावरची उतरती धग मागून घ्या. बिस्किटाला तीच मानवते.

कडा तांबूस झाल्या की बाहेर काढा. मधे बोट लावले तर मऊ लागतील आणि तुम्हाला वाटेल, कच्ची राहिली. तसे नाही. साखर थंड होताना घट्ट होते, तेव्हा दहा मिनिटे हात लावू नका. इथेच पुष्कळजणी फसतात. पुन्हा आचेवर ठेवतात आणि मग बिस्किटे दगड होतात.

पूर्ण निवल्याशिवाय डबा भरायचा नाही. गरम भरली तर वाफेचे पाणी झाकणावर धरते, आणि तेच बुरशीला निमंत्रण. पत्र्याच्या घट्ट डब्यात, प्रत्येक थरामध्ये कागद घालून, बिस्किटे उभी लावा. आडवी रचलेली आधी मोडतात. वर रिकामी जागा राहिली तर कागदाचा बोळा कोंबा. कोरड्या हवेत दोन आठवडे सहज राहतात. पावसाळ्यात मात्र आठवडाभरात संपवावीत. काकवी आली म्हणजे साखर गेली असे कोणी समजू नये. मधुमेह असलेल्या सासऱ्यांना अर्धेच द्या, आणि डबा त्यांच्या हाताशी ठेवू नका.

एवढ्या मापात साधारण पंचवीस होतात. आखीव, कडक तेवढी डब्याला. शेजारी वानवळा पाठवायला कडेची वेडीवाकडी चालतात, आणि मोडलेली तर मुलांनी केव्हाच पळवलेली असतात.