नेम आणि मूठ

नेमबाजीचा विषय निघाला की बहुतेकांचे लक्ष डोळ्याकडे जाते. ज्याची नजर तीक्ष्ण तो नेमबाज, असा आपला सर्वसाधारण समज आहे. अर्जुनाला दिसलेल्या पोपटाच्या डोळ्याची गोष्ट आपण बालपणापासून ऐकत आलो, त्याचा हा परिणाम असावा. परंतु पिस्तुलाने नेम साधणाऱ्याला विचाराल तर तो डोळ्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व मुठीला देईल. मूठ हातात नीट बसली नाही तर गरुडाची नजरही व्यर्थ! ही मूठ हाताच्या मापाची का करतात, कशी करतात आणि ती करताना कोठे थांबावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वास्तविक आपणा सोयगावकरांना मुठीचे महत्त्व कोणी शिकवायला नको. कपाशीच्या निंदणीला गेलेल्या बाईने दुसरीचे खुरपे हाती घेतले की थोड्याच वेळात तिच्या तळहाताला फोड येतो. पाते तेच, रानही तेच. फरक असतो तो मुठीत. मग ती मुठीला चिंधी गुंडाळते आणि काम पुढे चालू होते. कुऱ्हाडीला दांडा बसवणारा जाणता सुतारही, ज्याच्या हाती ती जायची त्याला दांडा धरून पाहायला सांगतो. नेमबाजीतील मुठीचे शास्त्र हे या व्यवहारज्ञानाचेच पुढचे पाऊल होय.

आता थोडे गणित पाहू. १० मीटर एअर पिस्तूल या प्रकारात नेमबाज उभा राहून, एकाच हाताने, कशाचाही आधार न घेता छर्रा सोडतो. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो. पिस्तुलावर पुढे माशी आणि मागे खाच असते. खाचेच्या मधोमध माशी दिसली म्हणजे नळी सरळ आहे असे समजायचे. या दोहोंमध्ये ३० सेंटिमीटर अंतर आहे असे धरू. माशी केवळ १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३३ मिलिमीटर बाजूला जाईल. म्हणजे दहाच्या जागी सहा गुण! याउलट, माशी आणि खाच जुळलेली राहून सारा हातच १ मिलिमीटर बाजूला झाला, तर छर्राही तेवढाच, १ मिलिमीटर, सरकेल. तात्पर्य, हाताच्या थोड्याशा थरथरीने फारसे बिघडत नाही. पिस्तूल मनगटाशी वाकडे झाले की सारे बिघडते. आणि पिस्तूल मनगटाशी सरळ राहणे हे मुठीवर अवलंबून असते.

पिस्तूल हाताला जुळते की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, नेहमीप्रमाणे हात उचलायचा आणि डोळे मिटायचे. दोन-तीन श्वासांनंतर डोळे उघडून माशी पाहायची. ती खाचेच्या मधोमध असेल तर उत्तम. दर वेळी ती एकाच बाजूला गेलेली दिसली, तर दोष नजरेचा नव्हे. मूठच हाताला वळवीत आहे. असे असूनही नेमबाज आपल्या मनगटाने ती चूक दुरुस्त करीत राहतो. साठ छर्‍यांच्या स्पर्धेत पहिले वीस बरे जातात. मग स्नायू थकतात, छर्रे भरकटतात आणि 'तुझे मन एकाग्र नाही' हा शेरा मिळतो! क्लबमधील सामाईक पिस्तुलावर शिकणाऱ्या लहान हाताच्या मुलींना आणि डावखुऱ्या मुलांना हा अन्याय विशेष सोसावा लागतो. उजव्या हातासाठी घडवलेली मूठ डाव्या हातात बसतच नाही, मग एकाग्रतेने काय करावे?

स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते आणि ती स्क्रू काढला की वेगळी होते. लहान, मध्यम, मोठी अशी मापे आणि उजवी, डावी असे प्रकार मिळतात. त्यातून जवळची निवडायची व उरलेला फरक हाताने काढायचा. काम करताना मूठ पिस्तुलापासून वेगळी केलेली असावी. जेथे बोट रुतते तेथे कानशीने किंवा पॉलिश पेपरने किंचित घासायचे. जेथे तळहात आणि लाकूड यांत पोकळी राहते तेथे सुतार वापरतात ती लाकडाची लांबी भरायची. लांबी ओली असताना हातावर पातळ प्लॅस्टिक घेऊन मूठ धरली की हाताचा ठसा तीत उमटतो. ती वाळल्यावर पुन्हा घासायचे. चापावरचे बोट मात्र लाकडाला कोठेही टेकता कामा नये, नाहीतर चाप ओढताना मूठही ढकलली जाते. पथ्य एकच : एका वेळी एकच जागा, तीही थोडीच, आणि नंतर काही दिवस सराव. घासलेले लाकूड परत येत नाही. उतावळ्या माणसाने या कामात पडू नये.

येथे कोणी विचारील, मग सारा हातच मुठीत का बंद करू नये? आपल्या दांडपट्ट्याची रचना तशीच आहे. त्याची पोलादी खोबण मनगटासह हाताचा पुढचा भाग झाकते, त्यामुळे पाते आणि बाहू एकजीव होतात. ५० मीटर फ्री पिस्तूल या प्रकारातही हाताला वेढणाऱ्या मुठी चालत असत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर तो प्रकार ऑलिंपिकमधून गेला. १० आणि २५ मीटरच्या पिस्तुलांना मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनी ही मुभा दिलेली नाही. मुठीने हाताला वेढा घालायचा नाही, मनगट स्पष्टपणे मोकळे दिसले पाहिजे, अंगठा वर उचलता आला पाहिजे. मूठ हाताला साथ देईल, पण हाताचे काम करणार नाही, हा त्यामागील न्याय.

एक इशारा देणे अगत्याचे आहे. १९७० मध्ये जर्मनीत आणि पुढे १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या ग्लॉक पिस्तुलामुळे पॉलिमरचा सांगाडा रूढ झाला. परदेशात काही हौशी लोक तो घरीच घासून वा तापवून मुठीला आकार देतात. परंतु तेथे मूठ हा वेगळा भाग नसतो, ती सांगाड्याचाच भाग असते. आत काडतुसांची मॅगझिन बसते आणि भिंत पातळ असते. चुकले तर सांगाडाच कमकुवत होतो. शिवाय आपल्याकडील शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये अग्निशस्त्राची निर्मिती, दुरुस्ती किंवा रूपांतर परवान्यावाचून करता येत नाही. एन.सी.सी.ची बंदूक तर सरकारी मालमत्ता. तेव्हा कानस चालवायची ती फक्त स्पर्धेच्या एअर पिस्तुलाच्या सुट्या लाकडी मुठीवर, तीही मार्गदर्शकाला विचारून.

इतक्या बारीकसारीक गोष्टींनी काय होते, असे वाटत असेल तर २०१८ ची आशियाई स्पर्धा आठवावी. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांची २५ मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत थायलंडच्या खेळाडूशी ३४-३४ अशी बरोबरी झाली. पहिल्या जादा फेरीतही बरोबरी झाली. दुसऱ्या फेरीत ३-२ असा निकाल लागला आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला हा मान त्यांना मिळाला. अंतर एका गोळीचे!

कोल्हापूरची मुलगी तेथवर पोहोचते, तर सोयगावची का नाही? आपल्याकडील हात काही कमी कसाचे नाहीत. खुरप्याने आणि विळ्याने ते घडलेले आहेत. त्यांच्यापैकी एखादा हात प्रथमच पिस्तूल धरील आणि छर्रा भरकटेल, तेव्हा 'तुला जमणार नाही' असे म्हणण्यापूर्वी शिकवणाऱ्याने एकदा मूठ तपासून पाहावी. दोष लाकडात असेल तर तो पॉलिश पेपरने जातो. 'जमणार नाही' हा शब्द मनात एकदा रुतला की तो मात्र सहजी घासून निघत नाही.