पार्स्निप आणि पऱ्हाटी

आपल्याकडे पोर काय खेळते हे कोणी विचारत नाही. किती वेळ खेळते एवढेच विचारतात. कादंबरीचेही एके काळी असेच होते. मुलाच्या हाती कादंबरी दिसली की वडीलमंडळी नावसुद्धा न पाहता ती काढून घेत. पुढे कादंबऱ्यांतही बऱ्या आणि वाईट असा भेद असतो हे लोकांना पटले, आणि आम्हां मराठीच्या प्राध्यापकांची पोटे त्यावर भरू लागली. व्हिडिओ गेमच्या नशिबी तो दिवस अजून यायचा आहे.

यवतमाळचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको की सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत कूलरसमोर बसण्यापलीकडे माणसाने काही करू नये. माझा भाचा आमच्याकडे शिकायला असतो. अकरावीत आहे. त्याचे वडील राळेगावकडचे कास्तकार, पऱ्हाटी आणि तूर लावणारे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या शेजारी खुर्ची ओढून मी चार खेळ पुरे खेळलो, आणि परीक्षणाला आलेल्या पुस्तकावर करावीत तशी वहीत टिपणे केली.

पहिला मान अर्थातच पुण्याच्या 'राजी'ला. नॉडिंग हेड्स गेम्स या तिथल्या लहानशा कंपनीने तो केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला तरी मंडळींनी नेट धरला आणि २०२० साली खेळ बाहेर आला. राजी ही कसरती करणारी मुलगी. असुरांनी तिचा धाकटा भाऊ गोलू पळवला आहे, आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याच्या शोधाला निघते. राजस्थानी धर्तीचे महाल, कमानींतून येणारा सांजप्रकाश, भिंतींवर रंगवलेल्या पुराणकथा, आणि कथेचे दुवे जोडायला छायाबाहुल्या! डोळ्यांचे पारणे फिटते. पण हात कुरकुरतात. लढाईची वेळ आली की चौकाच्या वाटा बंद होतात, असुर येतात, त्यांना मारावे, वाट उघडते. पुढच्या चौकात पुन्हा तेच. उडी कधी साधते, कधी उगाच चुकते. दुर्गा आणि विष्णू वाटभर निवेदन करीत राहतात, तेही मूळ आवृत्तीत इंग्रजीतून; कीर्तनकाराचा पूर्वरंगच संपू नये तसे वाटते. आणि चार-पाच तासांत, कुठे रंग भरू लागला असता, नाटकाच्या दुसऱ्या अंकावरच पडदा पडावा तसा खेळ संपतो. तरीही घरी असेल तर तो अवश्य खेळावा. मुलगी नायिका आहे आणि तिला सोडवायला कोणी राजपुत्र येत नाही, एवढ्यासाठी तरी.

हा खेळ संपल्यावर मला एक कसोटी हाती लागल्यासारखे वाटले. खेळात गोष्ट नुसती पाहायची नसते, ती हातांनी करायची असते. हातांना जे करायला लावले आणि गोष्टीत जे सांगितले, त्यांचा मेळ बसला पाहिजे. तो नसेल तर चित्रे कितीही देखणी असोत, आपण एक चित्रमालिका पाहतो आणि मध्येमध्ये बटणे दाबतो.

या कसोटीवर 'फौजी' तर लगेच पडतो. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली, दोनच दिवसांनी याची घोषणा झाली, आणि २६ जानेवारी २०२१ला तो मोबाईलवर आला. विषय गलवानचा, त्याहून गंभीर कोणता असणार? पण करायचे काय, तर चालायचे, समोर येईल त्याला बडवायचे आणि शेकोटीजवळ बसून ताजेतवाने व्हायचे. विषय थोर म्हणून कविता थोर होत नाही हे वर्गात मी इतकी वर्षे सांगत आलो आहे. इथे अधिक काही बोलायला नको.

उलट 'वेंबा' पाहा. टोरांटोच्या विसाई गेम्सने २०२३ साली केलेला हा खेळ जेमतेम दीड तासाचा. १९८८मध्ये कॅनडात राहणारे एक तमिळ जोडपे, आणि आईने दिलेली पाककृतींची वही, तीही फाटकी, डागाळलेली. खेळणाऱ्याने करायचे एवढेच, की पुसलेल्या ओळी ओळखून पदार्थ नीट उतरवायचा. इडलीच्या ताटल्या कशा रचाव्यात म्हणजे वाफ वरपर्यंत पोचेल, हे पहिले कोडे. मी आणि भाचा पाच मिनिटे झगडत होतो. स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती आल्या, एक नजर टाकली आणि "अहो, सरकवा तिकडे" म्हणून सोडवून गेल्या. कुठल्याही लढाईच्या खेळात त्यांनी असे लक्ष घातलेले मला आठवत नाही. पुढे मुलगा मोठा होतो, त्याची आणि आईची भाषा वेगळी होत जाते, आणि आपण मात्र तीच वही चाळत असतो. इथे हात आणि गोष्ट एकच झाली आहेत. दोष म्हणाल तर वर्षे फार भरभर उलटतात, आणि पदार्थ बिघडला तरी फारसे काही बिघडत नाही.

आता शेतीचा खेळ. 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने राबून चित्रे, संगीत, लेखन सगळे स्वतः केले आणि २०१६ साली तो प्रसिद्ध केला. २०२४च्या अखेरपर्यंत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. शहरातल्या नोकरीला विटलेला माणूस आजोबांच्या पडीक शेतावर येतो, गावचा प्रमुख त्याला पार्स्निपच्या पंधरा बिया देतो, आणि खेळ सुरू. पार्स्निप म्हणजे मुळा म्हणावा तर मुळा नव्हे, गाजर म्हणावे तर गाजर नव्हे. बी वीस मोहरांना, चार दिवसांत तयार, साध्या मालाला पस्तीस मोहरा. भाव वर्षानुवर्षे तोच. उद्या पाऊस आहे की नाही हे घरातला टीव्ही आदल्या दिवशी सांगतो, आणि पडला तर पाणी घालायचे श्रम वाचतात. माल दारातल्या पेटीत टाकावा, सकाळी पैसे हजर.

भाचा पहिले दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, इथं ओलावा मोजत नाहीत काय?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. सरकारी खरेदी केंद्रावर कापसातला ओलावा यंत्राने मोजतात. बारा टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. मग व्यापारी देईल तो भाव. त्याआधी मृगाचा पाऊस दगा देऊन दुबार पेरणी झालेली असते, बोंडअळी येऊन गेलेली असते, आणि फवारणीचा पंप पाठीवर असतो. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. आमच्या भाच्याच्या शेजारच्या घरातला एक माणूस तेव्हा दवाखान्यात होता. त्याला पार्स्निपची शेती दाखवली, तर तो खोट काढणारच.

तरी समीक्षक म्हणून मी बॅरोनची बाजू घेतो. गोकुळाच्या वर्णनात गवळ्यांचे कर्ज कोणी शोधत नाही. हा खेळ शेतीचा नव्हेच, तो शेतीच्या स्वप्नाचा आहे, आणि स्वप्न म्हणून त्याची घडण फार पक्की आहे. अठ्ठावीस दिवसांचा ऋतू संपला की त्या ऋतूचे पीक एका रात्रीत मरते. म्हणून मुलगा उलटे मोजायला शिकतो: बारा दिवसांचे पीक आज लावले तर निघेल का? शेजाऱ्याला काय आवडते, कोणाचा वाढदिवस केव्हा, हे लक्षात ठेवावे लागते. हाताला सवय लागते ती रोजच्या निगराणीची. मला खटकते ते एवढेच की पावसाची भीती यात जवळजवळ नाही, आणि ज्याला भीती नाही त्याला पहिल्या सरीचा आनंदही पुरता कळत नाही. शिवाय तुर्की, हंगेरियन अशा भाषांत हा खेळ मिळतो. हिंदीत नाही, मराठीत तर नाहीच. भाच्याला इंग्रजी चार शब्द आले हे खरे, पण "निंदण" आणि "डवरणी" हे त्याच्या जिभेवरचे शब्द कुठल्या पडद्यावर त्याला दिसायचे?

तो वाट पाहत बसलेला नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याने स्वतःचा खेळ आखला आहे. चौऱ्याऐंशी घरे, एक फासा, सरकी टोबण्यापासून शेवटच्या वेचणीपर्यंत. पावसाची घरे निळ्या खडूने, अळीची गुलाबी. आम्ही तिघांनी तो चार वेळा खेळून पाहिला. अजून कच्चा आहे: अळीची घरे सुरुवातीलाच फार आहेत, त्यामुळे अर्ध्या वाटेत खेळणाऱ्याचे मन जाते. भाव फाशावर ठेवावा की समोर बसलेल्या व्यापाऱ्याने सांगावा, यावर दोन रात्री वाद झाला. मी फाशाच्या बाजूचा. तो म्हणतो, फासा कोणाचं तोंड पाहून पडत नाही, म्हणून व्यापारीच हवा. त्याचे म्हणणे मला पटू लागले आहे.

राहिला शेवटचा नियम, पैसे संपले तर काय करायचे हा. त्याने लिहिले होते, एक एकर विकून पुढे खेळावे. पोळ्याला वडील आले होते, त्यांनी कॅलेंडर हातात धरून सगळे नियम वाचले आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "खेळात तरी वावर इकू नको रे बापू." पोराने ओळ खोडली आहे. तिच्या जागी काय लिहावे ते अजून ठरलेले नाही.